जुळतं, पण का?

नागपूरहून वर्धा रोडनं निघालं की खापरीच्या पुढे मिहान लागतं. ‘मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर’ या लांबलचक नावाची आद्याक्षरं एकत्र करून झालेला हा शब्द आता एखाद्या गावाच्या नावासारखा रुळला आहे. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल इथे आहेत, एम्स आहे, आयआयएम आहे. संख्यासिद्धांताशी या जागेचा काय संबंध, असं विचारलं तर बहुतेक जण खांदे उडवतील. पण इथल्या एखाद्या कार्यालयात कुणी सकाळी संगणक सुरू करून कामाला बसतो, तेव्हा पलीकडच्या यंत्राशी त्याची सुरक्षित जोडणी ज्या गणितावर उभी असते ते संख्यासिद्धांताचंच असतं. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी १९७७मध्ये शोधलेली आरएसए पद्धत घ्या. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या आणि त्यांचा गुणाकार करायचा. गुणाकार क्षणात होतो, पण गुणाकारावरून मूळच्या दोन संख्या शोधून काढणं आजच्या यंत्रांच्याही आवाक्याबाहेर राहतं.

त्यासाठी शेकडो अंकी मूळ संख्या हव्यात. समोरची संख्या मूळ आहे हे कळतं कसं? व्यवहारात बहुधा मिलर-रेबिन ही कसोटी लावतात. यंत्र मनाला येईल तो आकडा उचलतं आणि त्याच्या मदतीनं संख्येची परीक्षा घेतं. संख्या मूळ नसेल तर एका फेरीत निसटून जाण्याची तिची शक्यता जास्तीत जास्त एक चतुर्थांश असते. बऱ्याच फेऱ्या पार पडल्या की यंत्र ती मूळ धरून पुढे जातं. कुलूप लावायला एवढं पुरेसं आहे. गणितज्ञाला ते पुरत नाही, आणि हे न पुरणं कुणीतरी शिकवावं लागतं. संख्यांचा स्वभावच फसवा आहे. चार उदाहरणं जुळली की माणूस भुलतो. म्हणून या विषयात गुरूचं किंवा सहकाऱ्याचं मोठं काम उत्तर सांगण्याचं नसतं, ‘जुळतंय खरं, पण का?’ असं विचारत राहण्याचं असतं.

हे शिकवणाऱ्यांपैकी एक माणूस विदर्भातला. कृष्ण दैवज्ञ. पयोष्णीच्या काठचं दधिग्राम हे त्याच्या घराण्याचं गाव, आणि पयोष्णी म्हणजे आजची पूर्णा असं अभ्यासक मानतात. वडील बल्लाळ. घराणं पुढे काशीला गेलं आणि कृष्णाला जहांगीराच्या दरबाराचा आश्रय मिळाला. इ. स. १६००च्या सुमारास त्यानं भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ नावाची टीका लिहिली. टीका म्हणजे अवघड शब्दांचे अर्थ देणारं गाइड, असा आपला एक समज शाळेपासून असतो. ‘बीजपल्लव’ तसं नाही.

त्यातली एक जागा मला फार आवडते. दोन संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट आणि त्यांच्या फरकाचा वर्ग मिळवला की दोघांच्या वर्गांची बेरीज येते, हे सूत्र चाललं आहे. कुणी म्हणेल, आकडे घालून पाहा, जुळतं ना? मग झालं! कृष्ण म्हणतो, नाही झालं. असं चालणार असेल तर दोन संख्यांच्या गुणाकाराची चौपट म्हणजे त्यांच्या बेरजेचा वर्ग, हेही मान्य करावं लागेल. २ आणि २ घ्या: गुणाकार ४, चौपट १६, बेरीज ४, वर्ग १६. ३ आणि ३ घ्या: दोन्हीकडे ३६. ४ आणि ४: दोन्हीकडे ६४. सुरेख जुळतं. पण २ आणि ३ घेतले की एकीकडे २४, दुसरीकडे २५. काही ठिकाणी पडताळा आला म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण विरुद्ध उदाहरण कुठे दडून बसलेलं असेल सांगता येत नाही. म्हणून उपपत्ती, म्हणजे सिद्धता, हवी. चारशे वर्षांपूर्वीचं हे लिखाण आजही एम. एस्सी.च्या पहिल्या तासाला जसंच्या तसं वाचून दाखवावं असं आहे.

ही खोड कृष्णाला एकट्याला लागलेली नव्हती. त्याचा गुरू विष्णू, विष्णूचा गुरू नृसिंह, आणि नृसिंह हा गणेश दैवज्ञांचा पुतण्या. गणेश दैवज्ञ कोकणातल्या नांदगावचे, जन्म १५०७चा, गुरू त्यांचे वडील केशव. ‘ग्रहलाघव’ हा त्यांचा ग्रंथ पंचांगकर्त्यांनी शतकानुशतकं वापरला. १५४५मध्ये त्यांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली, आणि तीत ठिकठिकाणी उपपत्ती दिल्या. म्हणजे ‘का?’ विचारण्याची सवय नांदगावहून निघून चार पिढ्यांत पयोष्णीकाठच्या घरापर्यंत आली. गुरुपौर्णिमेच्या भाषणांत गुरुशिष्यपरंपरेचं वर्णन बहुधा आज्ञापालनाचं असतं. या टीका वाचताना वेगळंच दिसतं. मूळ श्लोक आला की टीकाकार स्वतःच आक्षेप घेणारा पक्ष उभा करतो, त्याच्या तोंडून शंका काढतो, तिला उत्तर देतो, त्या उत्तरावर पुन्हा शंका. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, असं भास्कराचार्य सांगून मोकळे होतात. कृष्ण थांबतो. ऋण संख्या कुणाचा वर्ग असेल? धनाचा म्हणाल तर धन गुणिले धन धनच होतं. ऋणाचा म्हणाल तर ऋण गुणिले ऋणही धनच. तिसरी संख्या आहे कुठे? साडेचारशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या माणसाबरोबर तो एकत्र काम करत असतो, आणि आदर राखूनही काहीही गृहीत धरत नाही.

या मंडळींना एकत्र आणणारे प्रश्न कसे होते, याचा एक मासला पाहू. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त विचारलं आहे: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१नं गुणून १ मिळवला असता पुन्हा वर्गच येईल? दिसायला साधा प्रश्न. लहान आकडे घालत बसलात तर आयुष्य सरेल. त्यासाठीची चक्रवाल पद्धत अशी चालते. ८चा वर्ग ६४, त्यातून ६१ वजा केले की उरतात ३. आपल्याला ३ नको, १ हवा. मग कुट्टक नावाच्या रीतीनं असा आकडा शोधायचा की तो ८मध्ये मिळवल्यावर ३नं भाग जावा, आणि त्याचा वर्ग ६१च्या जवळ असावा. तो आकडा ७. त्यावरून पुढची जोडी येते ३९ आणि ५: ३९चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, अंतर उणे ४. इथे ब्रह्मगुप्ताची भावना मदतीला येते. जोडीचा जोडीशी विशिष्ट रीतीनं गुणाकार केला की उणे ४वरून १५२३ आणि १९५, तिथून २९७१८ आणि ३८०५, आणि शेवटी १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. हेच सगळ्यांत लहान उत्तर. १६५७मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं आपल्याच देशातल्या फ्रेनिकलला हाच ६१चा प्रश्न घातला. भास्कराचार्यांचं उत्तर त्याच्या पाचशे वर्षं आधीचं आहे, हे फर्माला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

यातही ब्रह्मगुप्त ६२८चा, भास्कराचार्य ११५०चे. मध्ये जयदेव नावाच्या गणितीनं चक्रवाल मांडल्याचा दाखला अकराव्या शतकातल्या एका टीकेत मिळतो. एका माणसाच्या आयुष्यात न मावणारं काम. ते टिकवायला व्यवस्थाही लागते. चाळीसगावजवळच्या पाटण गावात शके ११२८चा शिलालेख आहे, तो भाऊ दाजींनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी त्याला दान दिलं, असं त्यात नोंदलं आहे. गावच्या बाजारातल्या देवघेवीतला ठरलेला वाटा आणि घाण्यावरचं तेलही मठाकडे जाई. संशोधनाला निधी कुठून आणायचा या चर्चेत हा तेलाचा दाखला कुणी काढत नाही, याचं मला नवल वाटतं.

मात्र चक्रवालाचं चक्र फिरवत गेलं की उत्तर येतंच, मध्येच अनंतकाळ फिरत राहत नाही, याची सिद्धता द्यायला विसावं शतक उजाडलं. ती १९२९-३०च्या सुमारास ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली, कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील.

परंपरा नसली, शंका घेणारं कुणी जवळ नसलं, तर काय होतं? आपल्याकडे याचं उत्तर देवळालीत आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. मग १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, मार्गदर्शक नाही. छोट्या पुस्तिका स्वतःच छापायच्या आणि परिषदांना हजर राहायचं. अनेक गणितज्ञांना हे काम म्हणजे करमणूक वाटे. १९७५च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला नाव कळलं.

६१७४ त्यांचाच. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि येईल त्यावर पुन्हा तेच. कापरेकरांचं जन्मसालच घेऊ. ९५१०मधून ०१५९ गेले, ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. सात वजाबाक्या, आणि सातपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत.

कृष्ण दैवज्ञाचा आक्षेप इथे लागू होत नाही, ही गंमत आहे. चार अंकी संख्या मोजक्याच. सगळ्या तपासल्या की पडताळा हीच उपपत्ती. पण पुढचा प्रश्न उरतोच: चारच अंकांना असं का? तीन अंकांना ४९५ मिळतो, पाच अंकांना असा एकही स्थिर आकडा नाही, संख्या चक्रांत फिरत राहतात. दहाऐवजी दुसरा पाया घेतला तर? हे प्रश्न पुढे इतरांनी उचलले. शेजारच्या खोलीत बसून ते विचारणारा एक सहकारी कापरेकरांना लाभता, तर ६१७४ची गोष्ट कोड्यांच्या पुस्तकात न राहता कुठवर गेली असती, असं वाटत राहतं. उलट कुणा शिस्तीच्या मार्गदर्शकानं ‘हे सोडा, पीएच.डी.चं बघा’ म्हटलं असतं आणि ६१७४ सापडलाच नसता, हीही शक्यता मला तितकीच खरी वाटते.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शेजारच्या खोल्या होत्या. तरी दामोदर धर्मानंद कोसंबी तिथे एकटे पडले. १९५९मध्ये मूळ संख्यांच्या विखुरणीशी जोडलेल्या रीमान गृहीतकावरचा आपला दावा त्यांनी कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात छापला, जिथे संख्यासिद्धांतातलं कुणी तो आधी वाचून हरकत घेईल अशी सोय नव्हती. दावा टिकला नाही. १९६२मध्ये त्यांची संस्थेतली नोकरी संपली.

त्याच संस्थेत दुसरं चित्रही होतं. के. जी. रामनाथन एमिल आर्टिन यांच्याकडे शिकून आलेले. त्यांचे विद्यार्थी के. रामचंद्र. रामचंद्रांचे विद्यार्थी टी. एन. शोरे आणि आर. बालसुब्रमण्यन. १९७८मध्ये रामचंद्र आणि बालसुब्रमण्यन या गुरुशिष्यांनी मिळून ‘हार्डी-रामानुजन जर्नल’ काढलं. अंक दर वर्षी २२ डिसेंबरला, गणितज्ञ रामानुजन यांच्या जन्मदिवशी. पुढे १९८६मध्ये बालसुब्रमण्यन यांनी देझुइये आणि द्रेस या फ्रेंच गणितज्ञांबरोबर वेरिंगचा एक जुना प्रश्न सोडवला: प्रत्येक धन पूर्णांक जास्तीत जास्त १९ चतुर्थ घातांच्या बेरजेनं लिहिता येतो. १९ लागतात हे ७९ या आकड्यावरूनच कळतं: ६४पर्यंत १६चे चार, उरलेले पंधरा एक-एक. १९ पुरतात हे दाखवायलाच दोन शतकं गेली.

आणि मूळ संख्या ओळखायचा तो मिहानमधला प्रश्न? त्याचं शंकेला जागा न ठेवणारं उत्तर आयआयटी कानपूरमध्ये मिळालं, तेही अशाच साखळीतून. मनींद्र अग्रवाल यांनी १९९९मध्ये आपले गुरू सोमनाथ बिस्वास यांच्याबरोबर एक कल्पना मांडली होती. ती रजत भट्टाचारजी आणि प्रशांत पांडे या बी. टेक.च्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून पुढे नेली. त्यानंतर नीरज कयाल आणि नितीन सक्सेना आले, तेही बी. टेक.च्याच वर्गातले. ऑगस्ट २००२मध्ये अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी निबंध जाहीर केला: कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे नशिबावर न सोपवता, व्यवहार्य म्हणाव्या अशा वेळात ठरवता येतं. हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी सिद्धता सोपी करून दिली, ती सुधारणा घेऊन २००४मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये निबंध छापून आला. वेगात ही नवी कसोटी मिलर-रेबिनच्या मागे पडते, त्यामुळे कुलपांसाठी जुनीच कसोटी चालू आहे.

पण आधीच्या दोन विद्यार्थ्यांकडून आलेलं एक अनुमान निबंधाच्या शेवटी तसंच आहे. ते खरं ठरलं तर कसोटी कितीतरी वेगवान होईल. कयाल आणि सक्सेना यांनी ते दहा अब्जांपर्यंतच्या संख्यांसाठी तपासलं होतं, आणि सगळीकडे जुळलं होतं. लेन्स्ट्रा आणि कार्ल पोमरन्स यांनी मात्र अंदाजी गणित मांडून दाखवलं की ते बहुधा खोटं आहे. विरुद्ध उदाहरणं असणार, फक्त फार दूर. लेखकांनी अनुमान छापलं आणि त्याच्यालगत हा आक्षेपही छापला. विरुद्ध उदाहरण अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. ते नाहीच, याची उपपत्तीही नाही.