आकाशातील दोन शेजारी

बदलापूरच्या पुढे वांगणी स्टेशन लागते. मुंबईच्या खगोल मंडळाने तेथे कित्येक वर्षे आकाशदर्शनाचे कार्यक्रम केले आहेत. रात्रभर लोक दुर्बिणीतून आकाश बघत. इतक्या लांब कशाला जायचे? कारण उल्हासनगर, अंबरनाथकडे दिव्यांचा लखलखाट. त्यात मंद तारे बुडून जातात.

चैत्र-वैशाखात रात्री उत्तरेला सप्तर्षी उंच दिसतात. त्यांच्या शेपटीच्या टोकाचा तारा मरीची. त्याच्याजवळ दुर्बिणीत दोन पुसट ठिपके दिसतात. चुन्याचे बोट पुसावे, तसे! ते तारे नव्हेत. त्या दोन दीर्घिका आहेत. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे गावच. आपला सूर्य आकाशगंगा नावाच्या अशाच एका गावात राहतो.

उजेड एका सेकंदात ३ लाख किलोमीटर धावतो. तरी त्या दोघींचा उजेड आपल्याकडे यायला २ कोटींहून जास्त वर्षे लागतात.

पण त्या खरोखर शेजारी आहेत का? अंधारात शेतातला दिवा आणि डोंगरावरचा दिवा शेजारी वाटतात. मग खरे कसे कळावे?

येथे फोटो कामी येतो. आपला डोळा उजेड साठवत नाही, कॅमेरा साठवतो. नळाला बारीक धार असली, तरी हंडा हळूहळू भरतोच ना? तसेच हे. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. यंत्राने दुर्बीणही त्याच गतीने फिरवावी लागते. नाही तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. असे पुष्कळ फोटो घेऊन त्यांची बेरीज करतात.

मग दिसते ते असे : मोठ्या दीर्घिकेला भोवऱ्यासारखे फाटे आहेत. एक फाटा धाकटीकडे ओढला गेला आहे. बाहेर ताऱ्यांची फिकट शेपटीही पसरली आहे.

ही ओढ कसली? चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते, कल्याणच्या खाडीतही पाणी चढते. तशीच दीर्घिका दीर्घिकेला ओढते. पूर्वी पुष्कळांना याची शंका होती. १९७२ साली तूमरे नावाच्या दोघा भावांनी गणकयंत्रावर हिशेब मांडला. एक दीर्घिका दुसरीजवळून गेली, तर नेमक्या अशाच शेपट्या निघतात, असे त्यात दिसले. तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, कारण मधे अफाट जागा असते. पण वायूचे ढग दाबले जातात आणि नवे तारे जन्मतात.

हे बघायला अंधार हवा. म्हणून अंगणातला दिवा नको तेव्हा मालवा. हवाच असेल, तर वर झाकण घाला; उजेड खाली पडू द्या. उजेड पायांपुढे हवा, आभाळाला नको. मग चंद्र नसलेल्या रात्री मुलांना घेऊन मरीची शोधा.