घाट उतरताना पॅडल की मॅन्युअल?

लोणावळ्याहून पनवेलकडे बोरघाट उतरताना नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली की ब्रेक तापतात. खालचा गिअर टाकून इंजिनानेच वेग आवरायचा असतो. मॅन्युअलमध्ये त्यासाठी क्लच दाबून गिअरच्या दांड्याकडे हात न्यावा लागतो. पॅडल शिफ्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये स्टिअरिंगमागची डावी पट्टी बोटाने ओढली की गिअर उतरतो, हात स्टिअरिंगवरच राहतात. फेरारीने १९८९ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरवलेली ही सोय १९९७ मध्ये त्यांच्याच एफ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत आली. इंजिनाला झेपणार नाही असा गिअर संगणक पडूच देत नाही. मॅन्युअलमध्ये ती जबाबदारी सर्वस्वी चालकाची. वेगात पॅडलच सरस, पण गाडी चालवण्याची खरी गोडी मॅन्युअलमध्येच. घाटात मात्र कोणतीही गाडी न्यूट्रलवर सोडू नका.