जुन्या शिडाच्या नौकेतील इंजिनाची धूरनिष्कासन यंत्रणा : दुरुस्ती व नूतनीकरण

प्रस्तावना :

शिडाच्या नौकेत इंजिनाला दुय्यम स्थान असते. वारा पडला किंवा अरुंद बंदरात शिरावयाचे असले, तरच ते सुरू केले जाते. साहजिकच त्याच्या देखभालीकडे, आणि त्यातही धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांकडे, फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक या नळ्या म्हणजे समुद्राला इंजिनाच्या सिलिंडरपर्यंत पोहोचविणारी वाट होय. म्हणून त्यांची दुरुस्ती करताना धूर बाहेर कसा जाईल यापेक्षाही पाणी आत कसे येणार नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन अमेरिकन बनावटीच्या जुन्या नौकांच्या आधारे केले आहे.

युनिव्हर्सल कंपनीच्या ‘ॲटॉमिक फोर’ या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचे उत्पादन 1947 मध्ये सुरू झाले व 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालले. सुमारे 40,000 इंजिने तयार झाली. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात बांधल्या जाऊ लागलेल्या ‘कॅटलिना 30’ या लोकप्रिय नौकेच्या सुरुवातीच्या अनेक प्रतींत हेच इंजिन होते. काही मालकांनी पुढे डिझेल इंजिन बसविले, तर काहींनी मूळ इंजिनच राखले. नळ्यांचा प्रश्न मात्र दोघांनाही सुटलेला नाही.

यंत्रणेचे स्वरूप :

इंजिनातून निघणारा वायू काहीशे अंश सेल्सियस इतका तप्त असतो. तो प्रथम लोखंडी नळीतून वर चढतो. त्यानंतर ‘मिक्सिंग एल्बो’ या भागात, इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी त्याच्यात सोडले जाते. वायूचे तापमान एकदम उतरते, त्यामुळे पुढे रबरी होज वापरता येतो. वायू व पाणी यांचे मिश्रण ‘वॉटरलॉक’ नावाच्या टाकीत पडते आणि वायूच्याच दाबाने वर उचलले जाऊन नौकेच्या मागील बाजूने बाहेर पडते. इंजिन थांबले की होजमधील पाणी उलट टाकीत उतरते. ते मावण्याइतकी टाकी हवी. 5 सेंमी आतील व्यासाच्या, 2 मीटर चढत्या होजमध्ये पूर्ण भरल्यास सुमारे 4 लिटर पाणी राहते, व्यास 7.5 सेंमी केला की तेच जवळजवळ 9 लिटर होते. मोठे इंजिन बसवून होज रुंद करणारे टाकी मात्र जुनीच ठेवतात, तेव्हा हा साधा हिशेब राहून गेलेला असतो.

धातूंची निवड :

तप्त पण कोरडा असलेला लोखंडी भाग बरीच वर्षे टिकतो. झीज होते ती जेथे उष्णता, मीठ व वायूतील आम्ल एकत्र येतात तेथे, म्हणजे एल्बोमध्ये. दुहेरी भिंतीच्या एल्बोची आतील भिंत छिद्रित झाली, तर बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी मात्र थेंबाथेंबाने मागे इंजिनात उतरते. म्हणून एल्बो ठराविक काळाने उतरवून आतून पाहणे हाच खात्रीचा उपाय होय. डिझेल इंजिनात तेथे काजळीचाही थर साचतो व वाट अरुंद होते.

नूतनीकरण म्हटले की स्टेनलेस स्टीलच बसवावे, असा एक समज आहे. स्टेनलेस स्टीलचे रक्षण त्यावरील ऑक्साइडचा पातळ पापुद्रा करतो. उष्ण, साचलेल्या खाऱ्या पाण्यातील क्लोराइड हा पापुद्रा फोडते व विशेषतः वेल्डिंगच्या जोडाजवळ खोल छिद्रे पडतात. त्या तुलनेत जाड भिंतीचा साधा लोखंडी पाइप दिसावयास ओबडधोबड असला, तरी स्वस्त असतो आणि सहज बदलता येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, तपासण्यास व बदलण्यास सोपा भाग हा चकचकीत भागापेक्षा नेहमीच श्रेयस्कर.

जुन्या नौकांत तप्त नळीवरील वेष्टन ॲस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता असते. ते कोरडेच ओरबाडून काढू नये. त्याचे तंतू फुप्फुसांस घातक आहेत. हे काम जाणकारांकडून करून घ्यावे.

पाण्याच्या उंचीचा प्रश्न :

शालेय पदार्थविज्ञानात आपण सायफन शिकवितो तो उपयुक्त साधन म्हणून. येथे तोच घात करतो. पाणी सोडण्याची जागा जलरेषेच्या खाली किंवा जेमतेम वर असेल, तर इंजिन थांबल्यावरही समुद्राचे पाणी पंपातून झिरपत राहते, टाकी भरते आणि शेवटी सिलिंडरात शिरते. ही जागा जलरेषेच्या किमान 15 सेंमी वर असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. ते शक्य नसल्यास पाण्याच्या नळीला उंच वळसा देऊन त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बसवितात. तो मिठाने चोंदतो, म्हणून वेळोवेळी धुवावा लागतो.

शिडाची नौका वाऱ्याने कलते, हे येथे विसरून चालत नाही. मध्यरेषेपासून 1 मीटर दूर बसविलेला वळसा नौका 20 अंश कलताच सुमारे 34 सेंमी खाली जातो. धक्क्यावर सुरक्षित भासणारी उंची खुल्या समुद्रात अशी नाहीशी होते. वळसा शक्य तितका मध्यरेषेजवळ असावा तो यासाठीच.

आणखी एक धोका चालकाच्या हातून घडतो. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर दीर्घकाळ फिरविला, तर पंप पाणी ढकलत राहतो, परंतु ते बाहेर फेकण्याइतका वायूचा दाब नसतो. अशा वेळी पाणी घेण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि इंजिन सुरू होताच तत्काळ उघडावा; अन्यथा पंपातील रबरी चाक जळते.

जोडणी व चाचणी :

होज सागरी धूरनिष्कासनासाठीच बनविलेला असावा. मोटारीच्या रेडिएटरचा चालत नाही. प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प असावेत. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे असते. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि इंजिनाची जागा झोपण्याच्या केबिनला लागूनच असते. तेव्हा केबिनमध्ये त्याचा सूचक बसविणे अनिवार्य मानावे. दुरुस्तीनंतर इंजिन भार देऊन चालवावे, प्रत्येक सांधा हाताने चाचपून व विजेरीने पाहावा, पाणी सोडण्याच्या जागेआधीचा प्रतिदाब मोजून उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडावा. इंजिन बंद केल्यावर काही तासांनी टाकीतील पाण्याची पातळी पुन्हा एकदा पाहावी. ती वाढलेली असेल, तर सायफन सुरू आहे.