इग्द्रासिल: नऊ जगांना पेलणारं झाड 🌳

नॉर्स पुराणकथांमधलं सगळं विश्व इग्द्रासिल नावाच्या एका प्रचंड अ‍ॅश वृक्षाच्या आधारानं उभं आहे. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसननं १२२० च्या सुमारास रचलेल्या ‘एड्डा’त त्याची तीन मुळं सांगितली आहेत:

🔹 एक देवांकडे, उर्दच्या विहिरीपाशी.
🔹 दुसरं हिमराक्षसांकडे, मीमिरच्या विहिरीपाशी. तिच्यात शहाणपण साठलेलं. एका घोटासाठी देवांचा प्रमुख ओडिन यानं स्वतःचा डोळा दिला!
🔹 तिसरं धुक्याच्या निफ्लहाइममध्ये. ते निडहॉग हा ड्रॅगन कुरतडतो.

वर गरुड, खाली निडहॉग. दोघांचे अपशब्द एकमेकांना पोचवणारी राटाटोस्क ही खार. चार हरणं पालवी खातात, खोड एका बाजूनं कुजतंय. म्हणून नॉर्न, म्हणजे नियतीच्या देवता, रोज झाडावर पाणी आणि माती शिंपडतात.

देवांचं आस्गार्ड, माणसांचं मिडगार्ड, राक्षसांचं योतुनहाइम ही या झाडानं पेललेल्या जगांतली ठळक जगं. जुन्या काव्यांत ‘नऊ जगं’ येतात, पण त्यांची सलग यादी नाही. आजचे नकाशे विखुरलेल्या उल्लेखांवरून जुळवलेले आहेत.

मला सर्वांत भावतं ते हे: विश्वाचा आधारही अमर्त्य नाही, त्यालाही रोज जपावं लागतं.

#नॉर्सपुराणकथा #इग्द्रासिल