युद्धक्रीडेतील टेहळणीची गाडी

बुद्धिबळाच्या पटावर प्रतिपक्षाचे एकही मोहरे लपलेले नसते. वजीर कोणत्या घरात आहे, उंट कोणत्या रेषेवर आहे, हे दोन्ही खेळाडूंस सारखेच दिसते. रणभूमीवरील सेनापतीला मात्र समोरच्या टेकडीपलीकडचे काहीच दिसत नाही. पटावरील खेळ आणि प्रत्यक्ष युद्ध यांतील हे अंतर कमी करण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्रशियात झाला. तेथील तोफखान्याचा एक तरुण अधिकारी राइसविट्स याने १८२४ मध्ये युद्धक्रीडेचे नियम प्रसिद्ध केले. पटाच्या जागी लष्करी नकाशा, तुकड्यांच्या जागी लाल व निळे ठोकळे, चकमकींच्या निकालासाठी फासे, आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच, अशी त्याची मांडणी होती. पंचाला सर्व ठाऊक असते. खेळाडूला मात्र त्याच्या सैन्याच्या दृष्टीस पडेल तेवढेच कळते.

अशा खेळात पायदळाच्या टेहळणीसाठी असलेल्या हलक्या गाडीचे मोल काय, हे समजण्यासाठी जीपचा जन्म पाहावा. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कारखान्यांकडे एका छोट्या गाडीची मागणी केली. तिची चारही चाके इंजिनाने फिरावीत, तिने सुमारे २७० किलो भार वाहावा आणि तिचे स्वतःचे वजन ५९० किलोंच्या आत असावे, अशा अटी होत्या. नमुन्यासाठी मुदत होती अवघ्या ४९ दिवसांची. बँटम या लहानशा कंपनीने २३ सप्टेंबर १९४० रोजी तो हजर केला. वजनाची अट मात्र कोणालाच पाळता आली नाही. ती शिथिल करावी लागली. पुढे विलिस कंपनीच्या साठ अश्वशक्तीच्या इंजिनाची गाडी मान्य झाली आणि महायुद्ध संपेपर्यंत विलिस व फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्धानंतर मुंबईत महिंद्रांनी ती जोडावयास घेतली व जीप हा शब्द भारताच्या खेड्यापाड्यांत पोहोचला.

या गाडीला चिलखत नव्हते, छप्पर होते ते कापडाचे. समोरची काचही बॉनेटवर आडवी पाडता येई, म्हणजे झुडपाआड गाडी सहज लपे. युद्धक्रीडेत अशा गाडीला वेग भरपूर, संरक्षण जवळजवळ शून्य आणि मारा बेताचा, असे गुण दिले जातात. नवख्या खेळाडूला तिच्यावर पोलादी पत्रे चढविण्याचा मोह होतो. परंतु पत्र्यांबरोबर वजन वाढते, वजनाबरोबर चाके चिखलात रुततात, आणि जिच्यासाठी गाडी घेतली ती चपळताच नाहीशी होते.

तिचा खरा उपयोग एका साध्या हिशेबाने कळेल. निळ्या पक्षाच्या पायदळाला दहा किलोमीटरवरील पूल गाठावयाचा आहे. ताशी चार किलोमीटर चालीने त्याला अडीच तास लागतील. टेहळणीची गाडी कच्च्या वाटेने ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने गेली, तर जाऊन येण्यास तिला अठ्ठेचाळीस मिनिटे पुरतात. तोवर पायदळ जेमतेम सव्वातीन किलोमीटर चाललेले असते. पूल शत्रूच्या हाती आहे हे तेव्हाच कळले, तर वाट बदलण्यास अवकाश राहतो. पुलाच्या तोंडाशी कळले, तर उरते ती केवळ लढाई.

म्हणूनच सर्व सोंगट्या उघड्या असलेल्या खेळात ही गाडी दुबळी व निरुपयोगी वाटते आणि पंच असलेल्या खेळात तीच अनमोल ठरते. तिथे तिचे न परतणे हीदेखील एक वार्ता असते. ठरलेली वेळ टळते, पंच गप्प राहतो, आणि खेळाडूला त्या मौनाचा अर्थ लावावा लागतो: गाडी चिखलात अडकली, की शत्रूच्या टप्प्यात सापडली?

खेळात अशा वेळी एक ठोकळा नकाशावरून उचलला जातो, एवढेच. प्रत्यक्षात त्या ठोकळ्यात दोनतीन माणसे बसलेली असतात. शेकडो सैनिकांचा मार्ग सुरक्षित व्हावा म्हणून त्यांना पुढे धाडावे काय, आणि धाडावयाचे तर किती दूर, हा निर्णय नकाशापुढे पुनःपुन्हा घ्यावयास लावणे, हेच युद्धक्रीडेचे प्रयोजन होय.