पालकांना पाठवायचे ईमेल वार्तापत्र किती लांब असावे?



शाळेचे मासिक वार्तापत्र आता बरेच शिक्षक ईमेलने पाठवतात. छपाईचा खर्च नाही आणि जागेचं बंधन नाही. त्यामुळे आपण लिहीत जातो, लिहीत जातो. पण ते किती लांब असावे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारतो का? मी तरी विचारला नव्हता. माझी चूक आधी सांगतो, कारण उत्तर मला त्या चुकीतूनच मिळाले.

एका लांब मेलची किंमत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना होता. आमच्या भंडारा जिल्ह्यात जुलै म्हणजे धानाची रोवणी. आई-वडील सकाळी बांधीत उतरतात ते अंधार पडल्यावरच घरी येतात. त्याच दिवसांत नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेचे अर्ज भरणे सुरू होते.

मी मोठ्या हौसेने वार्तापत्र तयार केले. वृक्षारोपण, गणवेश, पोषण आहार, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, शेवटी एक सुविचार. सगळे मिळून नऊशेच्या वर शब्द. नवोदयच्या अर्जाची शेवटची तारीख होती खाली, नवव्या परिच्छेदात.

वर्गात मी ही तारीख सांगितली होती. पण पाचवीतली एक हुशार मुलगी त्या आठवड्यात तापाने घरी होती. मेल गेला आहे, म्हणून मी निश्चिंत राहिलो. तारीख गेल्यावर तिची आई शाळेत आली. म्हणाली, "गुर्जी, पोरीनं वाचाले घेतलं होतं. अर्ध्यातच झोपली जी."

सहावीच्या प्रवेशासाठीची ही परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते आणि ती दुसऱ्यांदा देता येत नाही. म्हणजे तिची संधी कायमची गेली. माहिती पाठवली होती, असे मी म्हणू शकत होतो. पण पाठवणे आणि पोहोचणे यात फरक आहे, हे त्या दिवशी कळले.

उत्तर शब्दांत नाही, उद्दिष्टात आहे

डी.एड.ला आपण पाठ टाचण काढायला शिकलो. तिथे पहिला प्रश्न कोणता असायचा? या तासिकेचे उद्दिष्ट काय? पस्तीस मिनिटांत पाच उद्दिष्टे घेतली तर एकही पूर्ण होत नाही, हे आपल्याला माहीत आहे. वार्तापत्रालाही हेच लागू पडते. लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारा: हे वाचून पालकाने नेमके काय करायचे आहे? त्या एका कामासाठी लागते तेवढीच लांबी. बाकीचा मजकूर चांगला असला तरी तो त्या कामाच्या वाटेत उभा राहतो.

जुन्या साधनांत ही शिस्त आपोआप यायची. तारेचे पैसे शब्दांवर लागत, म्हणून माणूस एकेक शब्द तोलून लिहायचा. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पोस्टकार्ड भारतात १८७९ पासून आहे; जागा संपली की पत्र संपले. ईमेलला असा काठ नाही. तो आपल्यालाच आखावा लागतो.

किती दिवसांनी पाठवता, हेही बघा

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तेव्हा ते वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. शिक्षक तोच, पण रोज हाताने लिहायचा कागद वेगळा आणि महिन्यातून एकदा निघणारे मासिक वेगळे. आपण उलटे करतो. महिनाभराचे सगळे साठवतो आणि एकाच मेलमध्ये ओततो. त्यापेक्षा महत्त्वाचे काम आले की त्याच दिवशी छोटा मेल पाठवावा. महिन्याच्या वार्तापत्राचे ओझे आपोआप कमी होते.

मोबाईलवर काय दिसते?

गावातल्या बहुतेक पालकांचा ईमेल मोबाईल घेताना दुकानदाराने काढून दिलेला असतो. संगणक नाही, जे काही वाचायचे ते हातातल्या छोट्या पडद्यावर. म्हणून या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. मेल उघडण्याआधी विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात. "आमच्या शाळेचे जुलै महिन्याचे वार्तापत्र" यातून काहीच कळत नाही. "नवोदय अर्ज: शनिवारपर्यंत" यातून सगळे कळते, मेल उघडला नाही तरी.

२. जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठा मेल मधेच कापते आणि खाली पूर्ण मेल बघण्याची लिंक देते. आपली देवनागरी इथे जास्त जागा घेते. 'शाळा' या शब्दात श, काना, ळ, काना अशा चार खुणा. प्रत्येकीला ३ बाइट, म्हणजे १२ बाइट. इंग्रजीतला सहा अक्षरी 'स्कूल' ६ बाइटांत बसतो. नुसत्या मजकुराने एवढी मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. पण वर्डमधून रंगीत तक्ते उचलून चिकटवले की त्यांच्यासोबत न दिसणारा मजकूरही येतो आणि मेल फुगतो. म्हणून साधेच लिहा.

३. ज्यांना एसएमएस पाठवता त्यांच्यासाठी मर्यादा आणखी कडक आहे. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, मराठीत फक्त ७०. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते.

मग नेमके किती शब्द?

हा काही शासन निर्णय नाही, माझ्या अनुभवातून बसलेला हिशेब आहे.

- एखादे काम सांगणारा मेल: ५० ते ८० शब्द
- पालकांचे मासिक वार्तापत्र: २०० शब्दांच्या आत
- केंद्रातल्या शिक्षकांसाठी: ४०० ते ५०० शब्द

घरी मुलाचे वाचन कसे घ्यावे, अशा विषयाला जास्त जागा लागते, आणि ती द्यावी. लांब लिहिणे म्हणजे वाईट लिहिणे नव्हे. फक्त तो लेख वेगळा पाठवा. सवडीने वाचायचे आणि आजच करायचे, या दोन गोष्टी एका मेलमध्ये नकोत.

एक उदाहरण

माझे तेव्हाचे वाक्य असे होते: "सर्व सन्माननीय पालकांना कळविण्यात येते की, दरवर्षीप्रमाणे याही वर्षी जवाहर नवोदय विद्यालय निवड परीक्षेकरिता ऑनलाइन पद्धतीने अर्ज सादर करण्याची प्रक्रिया सुरू झालेली असून..." हे वाक्य आणखी तीन ओळी चालले होते.

आता मी असे लिहितो:

"पाचवीच्या मुलांचा नवोदयचा अर्ज शनिवारपर्यंत भरायचा आहे. मुलाचे आधार कार्ड आणि फोटो घेऊन शाळेत या. मुलाची आणि पालकाची सही लागेल. अर्ज आम्ही भरून देऊ. रोवणीमुळे येणे जमत नसेल तर फोन करा, मी संध्याकाळी घरी येतो."

पस्तीस शब्द. काय करायचे, कधीपर्यंत, काय आणायचे आणि जमले नाही तर काय, हे चारही प्रश्न सुटले.

पाठवण्याआधीची परीक्षा

आपल्या अनेक घरांत मेल वाचतो कोण? मूलच. ते मोठ्याने वाचते आणि आई चुलीपाशी ऐकते. म्हणून मी आता वार्तापत्र पाठवण्याआधी चौथीतल्या एका मुलाकडून वर्गात मोठ्याने वाचून घेतो. तो जिथे अडखळतो, ते वाक्य मोडतो. तो जिथे कंटाळतो, तिथून पुढचे काढून टाकतो. मग बाकीच्या मुलांना विचारतो, "सांगा, घरच्यांनी काय करायचं आहे?" उत्तर आले तर मेल जातो. नाही आले तर पुन्हा लिहितो.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. शाळेचा मेल लांबलचक वाटला तर संकोच न करता गुरुजींना, मॅडमना तसे सांगा. आम्हाला राग येणार नाही. त्या आईने मला सांगितले, तेव्हा उशीर झाला होता. तुम्ही वेळेवर सांगा.