शोभेच्या कुंडीतील झाडे का मरतात?

ओसरीवर किंवा अंगणात चार शोभेच्या कुंड्या असाव्यात ही हौस आता खेड्यांतूनही वाढत आहे. चिनी मातीच्या बरण्या, रंगीत सिमेंटच्या कुंड्या, जुनी पितळी घंगाळी, तेलाचे रिकामे डबे अशा नाना भांड्यांतून तुळस, मोगरा, गुलाब, कढीलिंब यांची रोपे लावलेली दिसतात. परंतु यांपैकी पुष्कळ भांड्यांच्या तळाला भोक नसते. रोप आरंभी जोमाने वाढते आणि पुढे हळूहळू पिवळे पडून मरते. मग दोष येतो तो रोपावर आणि ते तयार करणाऱ्या रोपवाटिकेवर. रोपे विकून चार पैसे मिळविणाऱ्या शेतकऱ्याचे नाव अशा रीतीने अकारण खराब होते.

मुळांनाही हवा हवी

वाफसा म्हणजे काय हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी व हवा ही दोन्ही असली म्हणजे मुळे नीट काम करतात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की पीक पिवळे पडते. म्हणून आपण चर काढतो. बिनभोकाची कुंडी म्हणजे चर नसलेले शेतच होय. जादा पाण्यास तेथे वाट नसते. पोकळ्यांतील हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि कुजविणाऱ्या बुरशीस आयतेच रान मिळते.

भाताचे पीक मात्र पाण्यात उभे राहते, कारण त्याच्या खोडातील व मुळांतील पोकळ्यांतून हवा खालपर्यंत पोचते. तुळशीला किंवा गुलाबाला ही सोय नाही.

दुसरी अडचण क्षारांची. विहिरीच्या पाण्यातील क्षार भोकावाटे वाहून न गेल्याने कुंडीतच साठत जातात व मातीवर पांढरा थर दिसू लागतो.

खड्यांचा थर उपयोगी नाही

तळाशी खडे घातले म्हणजे भोकाची गरज नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. बारीक माती पाणी धरून ठेवते. ती पुरती भिजल्याखेरीज पाणी खालच्या खड्यांत उतरत नाही. त्यामुळे चिखलाचा थर नाहीसा न होता तेवढाच वर सरकतो आणि मुळांना जागा कमी मिळते.

काय करावे?

(१) शक्य तेथे तळाला सुमारे १ सें.मी. व्यासाची तीन-चार भोके पाडावीत. डब्यास खिळ्याने आतून बाहेर भोक पाडावे, म्हणजे पत्र्याची कड आत उभी राहून पाणी अडवीत नाही. चिनी मातीच्या कुंडीस ड्रिलने सावकाश, पाण्याचे थेंब सोडीत भोक पाडावे. ड्रिलची ठोके देणारी गती बंद ठेवावी. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा.

(२) भोक पाडणे शक्य नसल्यास रोप साध्या भोकाच्या कुंडीत लावून ती कुंडी शोभेच्या भांड्यात ठेवावी. खाली विटेचे तुकडे द्यावेत. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने भांड्यात साचलेले पाणी ओतून टाकावे. तांब्यापितळेच्या भांड्यांना हाच उपाय उत्तम.

(३) थेट बिनभोकाच्या भांड्यातच लावावयाचे असेल, तर ओल सोसणारी वेखंड, ब्राह्मी किंवा अळू यांसारखी झाडे निवडावीत. इतर झाडांना बोट दोन पेरे मातीत घालून, माती कोरडी लागली तरच, मोजके पाणी द्यावे. असे भांडे पावसात उघड्यावर ठेवू नये.

सुकलेले झाड नेहमीच तहानलेले नसते

मुळे कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत आणि ओल्या मातीतही झाड माना टाकते. ते पाहून लोक आणखी पाणी घालतात व झाड दगावते. म्हणून आधी माती पाहावी. ती ओली असून कुबट वास येत असेल, तर झाड बाहेर काढावे. निरोगी मुळे पांढरट व टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी व मऊ होतात. ती कापून टाकावीत आणि पोयटा, वाळू व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात, भोकाच्या कुंडीत, झाड पुन्हा लावून काही दिवस सावलीत ठेवावे.

साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणारे डासही वाढतात. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवावीत.

प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन सारखे डबे घ्यावेत. एकास भोके पाडावीत, दुसऱ्यास पाडू नयेत. दोहोंत एकाच वयाची तुळशीची रोपे लावून रोज सारखेच पाणी मोजून द्यावे. काही आठवड्यांनी दोन्ही रोपे गावकऱ्यांसमोर उपटून मुळे दाखवावीत. रोपे विकणाऱ्या शेतकऱ्यांनीही ग्राहकास रोप देताना, कुंडीला भोक आहे काय, एवढे अवश्य विचारावे. या एका प्रश्नाने ग्राहकाचे झाड वाचेल आणि विक्रेत्याचा लौकिकही राहील.